घागर आणि मोरी

नळाला पाणी किती वाजता येतं, हे आपल्या प्रत्येकीला पाठ असतं. पण मोरीतून गेलेलं पाणी पुढे कुठे जातं? आमच्या बचत गटाच्या बैठकीत हे विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच, ‘गटारात!’ आणि गटारातून पुढे? आज त्याबद्दलच बोलू या.

पुण्याचं उदाहरण घेऊ. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथलं पाणी जमिनीखालून शहरातल्या हौदांत आणलं. पण ते सगळ्यांसाठी नव्हतं. अस्पृश्य मानलेल्यांना हौदावर मज्जाव होता. १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. पुढे १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, नळ कोरडे पडले, तेव्हा जुन्या हौद-विहिरींनीच पुणेकरांना हात दिला.

आता मोरीचा हिशेब. घरात शंभर हंडे पाणी आलं, तर साधारण ऐंशी हंडे सांडपाणी होऊन बाहेर जातं, असं धरतात. म्हणजे शहराचं पाणी वाढलं की सांडपाणीही वाढतं. ते शुद्ध न करता सोडलं तर नदीत जातं. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात येते आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. एका शहराची मोरी, ती दुसऱ्याची घागर!

आणि गटार तुंबलं की आत कोण उतरतं? ज्यांच्या आजोबा-पणजोबांना हौदावर येऊ दिलं नाही, बहुतेकदा त्यांचीच मुलं. विषारी वायूने क्षणात जीव जातो. मागे राहते ती आपल्यासारखीच एक बाई, लेकरं घेऊन. २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे.

म्हणून आम्ही गटात ठरवलंय. टाकी उपसायला मशीनची गाडीच बोलवायची. एकीला खर्च झेपला नाही, तर गटातून कर्ज द्यायचं. वॉर्डसभेत नळाबरोबर गटाराचंही विचारायचं: आमचं सांडपाणी कुठे जातं, शुद्ध होतं का, ते बागांना, बांधकामाला का वापरत नाही?

तुमच्या पुढच्या बैठकीत हे प्रश्न जरूर घ्या. पाणी मागायला आपण घागरी घेऊन जातोच. आता मोरीसाठीही जाऊ या.