मंडळाची पेटी : वाजविणे आणि जपणे

(आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, बेळगाव येथे, संगीत विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या या समारंभात शिष्यवृत्त्या, वसतिगृह, रुग्णसाहाय्य अशा मोठ्या कार्यांचा आढावा आपण ऐकला. त्या मालिकेत आम्हां पेटीवाल्यांनाही चार शब्द बोलण्यास सांगितले, याचा आनंद आहे तितकाच संकोचही आहे. कारण आम्ही सर्व हौशी. आमच्यात कोणी बँकेत आकडे जुळवतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी किराणा मालाचे दुकान सांभाळतो, तर दोघी घरचा स्वयंपाक आटोपून तालमीला येतात. गुरुवारचे भजन, गणेशोत्सव, हळदीकुंकू, बक्षीससमारंभ, कधी एखादे नाटुकले, एवढाच आमच्या विद्येचा विस्तार. तेव्हा पांडित्य सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या हातून घडलेल्या चुका मात्र आम्हांला अधिकाराने सांगता येतील.

प्रथम या वाद्याविषयी. पेटी मूळची आपली नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या दबेँ नावाच्या कारागिराने तिला रूप दिले. तेथे ती पायाने भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवीत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती आपल्या बैठकीला सोयीची केली : भाता मागे आला, एक हात भात्यावर गेला, एक पट्ट्यांवर राहिला, आणि वाजविणारा मांडी घालून बसला. मग ती कीर्तनात आली, नाटकात आली, देवळात आली. श्रुतींचे बारकावे आणि मींड तिच्यातून निघत नाही, या आक्षेपावरून १ मार्च १९४० पासून रेडिओवर तिला बंदी झाली, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. परंतु तीस वर्षे रेडिओने दार लावले म्हणून आपल्या देवळांनी आणि घरांनी लावले नाही. ‘मानापमान’ नाटकाला १९११ साली चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीचे श्रेष्ठ वादक होते. शेजारच्या गोव्यातील बोरीचे तुळशीदास बोरकर यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. आणि आपल्या याच बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी कित्येक दशके विद्यार्थी घडविले. असा वारसा ज्या गावाला आहे, त्या गावात आमच्यासारख्या हौशी मंडळींनीही पेटीकडे निष्काळजीपणे पाहू नये, हे उघड आहे. दुर्दैवाने आम्ही तसे पाहिले.

आपल्या ट्रस्टची पेटी ही एका सभासद कुटुंबाने दिलेली देणगी. ती पुष्कळ वर्षे एका गुरुजींच्या हाती होती. जुन्या मंडळींना ते आठवतील. नाव घेतलेले त्यांना आवडले नसते. साथीची त्यांची शिस्त कडक होती. गाणारा गात असताना पेटीने त्याच्या पाठीमागून चालावे, पुढून धावू नये. त्याने श्वास घेतला की एखादा स्वर भरावा आणि पुन्हा बाजूला व्हावे, असे ते सांगत. नवीन गायक आला की त्याला कोणती पट्टी जमते हे ते आधी चाचपून घेत. पुरुषांना बहुधा पांढरी एक ते काळी दोन, बायकांना पांढरी चार ते काळी पाच. पण सर्दी झालेल्या माणसाला अर्धा स्वर खाली उतरवून देण्याचे औदार्यही त्यांच्याजवळ होते. हौशी मंडळात पेटीवाल्याचे पहिले काम बोटे दाखविण्याचे नसून भित्र्या गळ्याला आधार देण्याचे आहे, ही त्यांची शिकवण.

वाजवून झाल्यावर ते काय करीत, हे मात्र आम्ही कधी नीट पाहिले नाही. आम्ही चहाला जात असू. ते एकटे मागे राहून खुंट्या आत ढकलीत, भाता मिटवून त्याची कडी लावीत, पट्ट्यांवरून कोरडे फडके फिरवीत, आणि पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवीत. पेटीच्या खोक्यात त्यांची एक लहान वही असे. तिच्यात केव्हा कोणता सूर बसला, भात्याला चामडे कधी लावले, खर्च किती आला, हे सारे तारखेनिशी लिहिलेले असे. ते काम आम्हांला दिसलेच नाही.

गुरुजी थकले, घरी बसले. पेटी सर्वांची झाली, म्हणजे कोणाचीच राहिली नाही. नवा कीबोर्ड आला होता, त्यात आम्ही रमलो. पेटी जिन्याखालच्या खोलीत गेली. बेळगावचा पाऊस आपणांस सांगायला नको. जून ते सप्टेंबर ती ओलसर भिंतीला टेकून उभी होती, आणि असे दोन पावसाळे गेले.

मग गुरुजी वारले. शोकसभेत त्यांच्याच पेटीवर प्रार्थना म्हणावी, असे ठरले. आम्ही ती सभेपूर्वी अर्धा तास बाहेर काढली. भाता हलविला मात्र, कोणीही पट्टी दाबली नसताना मध्य सप्तकातला एक स्वर वाजू लागला. पट्टी उचलून पाहिली, ठोकून पाहिली, स्वर थांबेना. भाता सोडला की शांत, धरला की पुन्हा तोच एकसुरी आवाज. समोर त्यांची वृद्ध पत्नी बसली होती. त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही पेटी बाजूला सारली आणि प्रार्थना वाद्याविना म्हटली. कोणी आम्हांला दोष दिला नाही, म्हणून तो दिवस विसरता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पेटी कारागिराकडे नेली. त्यांनी ती आमच्यासमोर उघडली. दमटपणाने लाकूड फुगून पट्टी अडकली होती आणि तिच्याखालचे छिद्र उघडे राहत होते, म्हणून तो स्वर थांबत नव्हता. भात्याच्या घडीचे चामडे उंदरांनी कुरतडले होते. आणि आतल्या कोपऱ्यात उंदरांचे घरटे होते, आपल्याच हळदीकुंकवाच्या निमंत्रणपत्रिकांचे तुकडे करून केलेले. कारागीर हसले, आम्हांला हसू आले नाही. ते म्हणाले, “पेटी वाजवून फारशी बिघडत नाही. ठेवून बिघडते.”

त्यांच्याजवळ बसून आम्ही दोन दुपारी काम पाहिले. पितळी सुरावर धुळीचा कण अडकला तरी तो मुका होतो. तो मऊ कुंचल्याने झाडायचा, तेल कधी लावायचे नाही. स्वर चढवायचा असेल तर सुराच्या जिभेचे टोक किंचित खरवडतात, उतरवायचा असेल तर मुळाकडे खरवडतात. पण हे काम जाणत्याचेच, घरी ब्लेड घेऊन बसणाऱ्याचे नव्हे. पट्टी न दाबता भाता जोराने रेटला की घड्यांवर ताण येतो. पेटी उचलताना दोन्ही हात तळाखाली घालावेत, वरच्या चौकटीला धरून उचलू नये. उन्हात आणि बंद मोटारीत ठेवू नये. आणि आठवड्यातून एकदा तरी, दहा मिनिटे का होईना, सर्व पट्ट्या वाजवाव्यात.

आता कीबोर्डाविषयी, कारण तरुण मंडळींना वाटेल की या कटकटी जुन्या वाद्याच्या. तसे नाही. आमच्या पहिल्या कीबोर्डाचा अंत आम्हीच केला. त्याची विजेची डबी सापडेना, म्हणून घाईत दुसऱ्या वाद्याची लावली. टोक बरोबर बसले. परंतु काही कारखान्यांच्या डबीच्या टोकाला मधोमध धन असते, काहींच्या मधोमध ऋण. शिवाय व्होल्टही वेगळे. वाद्य जे बंद पडले ते पुन्हा बोलले नाही. आज प्रत्येक डबीला वाद्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधलेली आहे. दुसऱ्या वाद्यात सेल विसरले. ते पाझरून तारा गंजल्या. एका बक्षीससमारंभात एका बाळाने पट्टी बदलण्याचे बटण दाबून ठेवले होते. स्वागतगीत दोन स्वर वर चढले आणि आमच्या भगिनींना शेवटच्या कडव्यात अक्षरशः टाचा उंचावाव्या लागल्या. तेव्हापासून कार्यक्रमापूर्वी षड्ज वाजवून पाहिल्याखेरीज आम्ही पडदा उघडू देत नाही. आणखी एक : कीबोर्डाचा सूर ४४० कंपनांच्या मापाने लावून येतो, जुनी पेटी कारागिराच्या कानाने लावलेली असते. दोन्ही एकत्र वाजविली की वाद्ये भांडतात. अशा वेळी कीबोर्डाचा सूर बारकाईने पेटीशी मिळवून घ्यावा. वयाने मोठी ती आहे. बाकी, ध्वनिवर्धक सर्वांत शेवटी सुरू करावा व सर्वांत आधी बंद करावा, तारा कोपरावर पिळून गुंडाळू नयेत, आणि वाद्यावर चहाचा पेला व प्रसादाचा द्रोण ठेवू नये, इतके सांगून हा विषय आटोपतो.

विश्वस्त मंडळींपुढे आज आमची मागणी आहे, आणि ती थोडकी आहे. भिंतीपासून व जमिनीपासून दूर असे एक लाकडी कपाट मिळावे. वर्षाकाठी, पावसाळा संपल्यावर, कारागिराला दाखविण्यापुरती रक्कम अंदाजपत्रकात निराळी धरावी. आणि दरवर्षी एका सभासदाचे नाव ‘वाद्यांचे राखणदार’ म्हणून फलकावर लिहावे, म्हणजे चूक झाली तर ती कोणाची हे सर्वांना कळेल. पहिल्या वर्षी आमच्यापैकी एकाचे नाव घ्यावे.

परंतु एक विनंती मात्र आग्रहाची आहे. गेल्या सभेत सूचना आली होती की, वाद्ये महाग आहेत, मुलांच्या हाती देऊ नयेत, कुलूप घालावे. सूचना काळजीपोटीच आली, हे आम्ही जाणतो. तरी आमचे उत्तर असे की, जिन्याखालच्या खोलीला कुलूपच होते. उंदरांना ते अडले नाही. कुलूप अडले ते फक्त वाजविणाऱ्यांना. आपल्या वसतिगृहातील मुलांच्या घरी पेटी नाही. त्यांना शनिवार-रविवारी दोन तास ती उघडून मिळावी, आणि वाजविण्याइतकेच पुसणे, मिटविणे, ठेवणे त्यांना शिकवावे. मुलांच्या हातून एखादी खुंटी मोडेल. खुंटीची किंमत वहीत लिहू.

ती वही आहे, हे सांगायचे राहिले. गुरुजींच्या पत्नींनी ती खोक्यातून काढून जपून ठेवली होती. पेटी दुरुस्त झाल्यावर त्यांनी ती आम्हांला परत दिली. शेवटच्या नोंदीखाली पाने कोरी होती. तेथे आम्ही उंदराच्या घरट्यापासून सर्व लिहून काढले आहे, खर्चासह, काही न लपविता. आज त्या येथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

आता प्रार्थना होईल. पट्टी काळी दोन. पेटी तीच आहे. षड्ज मघाशी वाजवून पाहिला आहे.