हौस, वेठ आणि रंगभूमी



ह्या व्यासपीठावर विद्वानांनी यावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, अशी आजवरची रीत आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रे मोठ्याने वाचून दाखवताना आणि दाव्यांचे कागद चाळताना झाले. तेव्हा रसचर्चेची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नये. गेली पुष्कळ वर्षे आमच्या संघटनेच्या आश्रयाने एक नाट्यपथक चालते, आणि वस्तीतल्या मुलामुलींचे एक शिबिर चालते. त्यात पगारी माणूस एकही नाही. हे कसे चालते आणि कसे चालावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा त्यात ही सारी मंडळी आली असे समजावे.

विषयाला तोंड फोडले ते शिबिरातल्या एका मुलीने. आमच्या मासिक सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, “काका, तुम्ही कारखान्याच्या गेटवर ‘कामाला दाम’ अशी घोषणा देता. आम्ही तीन महिने तालमी करतो, सतरंज्या उचलतो, तिकिटे खपवतो. त्याला दाम नाही. मग तुमच्यात आणि ठेकेदारात फरक काय?” सभा हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ‘हौसेला मोल नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचे दोन अर्थ होतात. हौस इतकी मोलाची की तिची किंमतच करता येत नाही, हा एक. आणि हौशी माणसाला काही द्यावे लागत नाही, हा दुसरा. पहिला अर्थ भाषणात वापरला जातो आणि दुसरा व्यवहारात.

आता थोडा मागचा इतिहास पाहू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते राजाश्रयाने. पुढे नाटक कंपन्या झाल्या. त्यांत नटाला पगार होता, बिऱ्हाड होते, मालकही होता. आमच्या नागपूरची गोष्ट काहीशी निराळी. येथील रंगभूमी मुख्यतः हौशी माणसांनी वाढवली. दिवसा शाळेत, कचेरीत, रेल्वेत किंवा आकाशवाणीवर नोकरी करावी आणि रात्री तालमीला यावे, हा येथला शिरस्ता. पुरुषोत्तम दारव्हेकर हे ह्याचे ठळक उदाहरण. ‘कट्यार काळजात घुसली’ हे त्यांचे नाटक १९६७ साली आले आणि महाराष्ट्रभर गाजले. पण नागपूरकरांचे ते दारव्हेकर मास्तर. त्यांनी येथे रंजन कला मंदिर उभे केले आणि लहान मुलांची नाटके लिहून बसवली. मुलांचे नाटक म्हणजे मोठ्यांच्या नाटकाची उरलीसुरली शिळी पोळी नव्हे, हे ह्या शहराला त्यांनी दाखवून दिले.

कामकरी वस्त्यांतही नाटक होतेच. किसन फागुजी बनसोडे ह्यांनी समाजजागृतीसाठी तमाशाचा बाज हाती घेतला, तो ह्याच भागात. मुंबईकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले आणि गिरणगावाला स्वतःचा रंगमंच मिळाला. पुढे १९५३ साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. १९५६ साली ते मुंबई राज्यात आले आणि ही दारे आम्हांलाही उघडली. कामगार कल्याण मंडळाची केंद्रे, तेथील वाचनालये आणि कामगार नाट्यस्पर्धा ह्यांमुळे कित्येक कामगारांच्या तोंडाला पहिल्यांदा रंग लागला.

येथे एक गोष्ट आम्ही प्रत्येक सभेत सांगतो, ती आजही सांगतो. हा कल्याण निधी कोणी दान केलेला नाही. जून आणि डिसेंबर असा वर्षातून दोनदा कामगाराच्या पगारातून त्याचा वाटा कापला जातो, आणि मालक त्याच्या तिप्पट भर घालतो. म्हणजे स्पर्धेच्या रंगमंचावर कामगार उभा राहतो तो स्वतःच्या पैशाने बांधलेल्या ओट्यावर. हे ज्याला कळले तो ओट्यावर ताठ उभा राहतो.

पैशापेक्षाही महत्त्वाची वस्तू म्हणजे वेळ. तोही कोणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. इंग्लंडात रॉबर्ट ओवेनने दिवसाचे तीन भाग मागितले होते: आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास माणसाचे स्वतःचे. हौशी रंगभूमी ह्या तिसऱ्या भागावर उभी आहे. जेथे तो भाग नाही तेथे हौसही नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मिलचा भोंगा झाला की किती वाजले ते वस्तीला कळे. पाळ्या कष्टाच्या होत्या, पण ठरलेल्या होत्या. पहिल्या पाळीची मंडळी संध्याकाळी मोकळी, म्हणून तालीम संध्याकाळी. २००२ साली मिल बंद झाली. आज त्या जागेवर, गांधीसागर तलावाशेजारी, बाजाराची मोठी इमारत उभी आहे. मिलमधल्या माणसांची मुले आता हिंगणा आणि बुटीबोरीला ठेकेदाराकडे जातात, किंवा दुचाकीवरून घरोघर जेवणाचे डबे पोचवतात. बारा बारा तासांची पाळी; उद्या कोठली पाळी ते आज रात्री फोनवर कळते. तालीम ठरवावी तरी कशी?

ह्यावर आम्ही उपाय काढला तो मिलमधूनच. गिरणीत ‘बदली’ कामगार असत. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर काम, नाही तर परत. ती पद्धत क्रूर होती. आम्ही शब्द तोच ठेवला आणि रीत बदलली. आमच्या नाटकात प्रत्येक भूमिका दोघांनी पाठ करायची. बदलीला ठरावीक प्रयोग मिळालाच पाहिजे, मुख्य नट हजर असला तरीही. एका वर्षी ऐन प्रयोगाच्या दिवशी ठेकेदाराने आमच्या मुख्य नटाला सोडले नाही. ‘नाटक हवे की नोकरी?’ असा सवाल केला. मुलाच्या घरात मिळवता तो एकटा. आम्ही त्याला निरोप पाठवला, ‘बाबा, तू कामावर जा.’ बदलीने भूमिका केली आणि नाटक झाले. पण त्या रात्री सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांना कळले असेल की, पडद्यावरचा खरा संघर्ष पडदा उघडण्यापूर्वीच होऊन गेला होता?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. वेठ म्हणजे काय? घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली आहे, म्हणून ती नाहीशी झाली असे नव्हे. ती वेष पालटून येते. वेठीची आमच्या अनुभवातली लक्षणे तीन. राबणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. काय करावयाचे ते ठरवण्यात त्याचा हात नसतो. आणि त्याच्या श्रमाचे फळ तिसराच घेऊन जातो. ह्यातले एक जरी लक्षण दिसले तरी हौसेची वेठ झाली असे समजावे. आजकाल शहरात मोठाले सोहळे होतात. तिकिटे महाग असतात, जाहिराती झळकतात. आणि खुर्च्या लावायला आमच्या वस्तीतली पोरे ‘स्वयंसेवक’ म्हणून नेतात. एक सदरा, एक जेवणाचे पाकीट आणि ‘अनुभव मिळेल’ असे आश्वासन. जेथे कोणी नफा कमावतो तेथे स्वयंसेवक नसतो. तेथे मजुरी न मिळालेला मजूर असतो.

म्हणून पथकाने काही नियम केले आहेत. पहिला नियम असा की, जो पोटासाठी काम करतो त्याचे पैसे आधी. तबलजी, पेटीवाला, दिव्यांचे सामान भाड्याने देणारा, नेपथ्याच्या फळ्या वाहून नेणारा टेम्पोवाला, शिंपी ह्या साऱ्यांचा हिशेब प्रयोगाच्या रात्रीच चुकता होतो. हौस आपली आहे. तिचा भार दुसऱ्याच्या चुलीवर टाकता येत नाही. आमच्या शेजारी झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजच्या बाजूला, दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र रात्र नाटके चालतात. तेथल्या कलावंताचे वर्षाचे पोट त्या हंगामावर असते. त्याला ‘कलेची सेवा करा’ असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होय.

दुसरा नियम म्हणजे जमाखर्च भिंतीवर. तिकिटाचा पैसा किती आला आणि कशात गेला, ते तालमीच्या खोलीत लिहून लावतो. शिल्लक राहील ती पुढच्या नाटकाची. आमची रोखवही अठरा-एकोणीस वर्षांची मुले आळीपाळीने लिहितात आणि एक जुना कारकून ती तपासतो.

तिसऱ्या नियमावर नेहमी वाद होतो. तालमीत दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा, परंतु सभेत त्यालाही एकच मत. कोणते नाटक करावयाचे हे सभा ठरवते, आणि त्या सभेत झाडू मारणारा मुलगा आणि नायिका सारखीच. कलावंत मित्र म्हणतात, मतदानाने कला होत नाही. खरे आहे. मतदानाने अभिनय होत नाही. पण संस्था त्यावाचून टिकत नाही. एका गुणी माणसाच्या जिवावर उभी राहिलेली मंडळे त्या माणसाबरोबर संपलेली आम्ही पाहिली आहेत.

मुलांच्या शिबिराविषयी थोडे विस्ताराने सांगतो. परीक्षा संपल्या की ते सुरू होते. नागपूरचे ऊन आपणांस ठाऊक आहे. म्हणून सकाळी सहाला सुरू आणि नऊला बंद. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. पुढच्या वर्षीच्या नियमांत असे आले की, करमणुकीच्या धंद्यात बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेऊ नये. आमचा धंदा नाही, तरी तीन तासांची मर्यादा आम्ही पाळतो. मुलांसोबत दोन मोठी माणसे असतातच आणि त्यांतली एक बाई असते. संध्याकाळची तालीम असली तर मुलींना घरापर्यंत पोचवून द्यावयाचे. ज्याच्याकडे ते काम, त्याचे नाव फळ्यावर लिहिलेले असते. आईबाप मुलगी पाठवतात ती आमच्या कलाप्रेमावर भाळून नव्हे, त्या फळ्यावर विसंबून.

पहिल्या आठवड्यात कोणालाच भूमिका देत नाही. दिवे कसे लावतात, रंगपटातले सामान कसे मांडतात, संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र का आणावे लागते, सूचकाने किती आवाजात सांगावे, हे आधी. मग मुले स्वतःच्या घरातला एखादा प्रसंग रचतात. पाण्याच्या रांगेतले भांडण असते, पोलीस चौकीत गेलेला बाप असतो. ह्याच विदर्भातल्या प्रेमानंद गज्वींनी ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका लिहिली, ती अशाच साध्या, रोजच्या वस्तूवर. पुढे तेच गज्वी २०१९ साली नागपुरात भरलेल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. पाण्याच्या घोटात केवढे नाटक असते हे मुलांना सांगण्यासाठी आम्हांला दूरचा दाखला शोधावा लागत नाही.

शेवटच्या पंधरवड्यात खोलीची किल्ली मुलांच्या हाती देतो. हे लहान वाटेल; पण ज्या पोराच्या हाती जन्मात कोणी किल्ली दिली नाही, ते पोर खोली वेळेवर उघडते. आमच्या शिबिरातून कोणी नामांकित नट निघाला नाही. मात्र तेथे बोलायला शिकलेली मुलगी पुढे कामावर सुपरवायझरसमोर उभी राहून ‘जादा तासांचा हिशेब दाखवा’ असे स्पष्ट म्हणाली, हे आम्ही पाहिले आहे. मान खाली न घालता सांगितलेले ते एक वाक्य आम्हांला बक्षिसाच्या ढालीहून थोर वाटते.

मग प्रश्न राहतो की, दाम नसता माणसे येतात कशाला? १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादेत कामगार वस्तीत पथनाट्य चालू असता सफदर हाश्मींच्या जननाट्य मंचावर हल्ला झाला. रामबहादूर नावाचा कामगार मेला, आणि दुसऱ्या दिवशी हाश्मी गेले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि सारे सोबती त्याच जागी परत गेले आणि अपुरे राहिलेले नाटक त्यांनी पुरे केले. कोणत्या पगारासाठी? हौसेला मोल नाही ह्या म्हणीचा पहिला अर्थ तेथे खरा होतो. पण ती माणसे स्वतःच्या इच्छेने, स्वतः ठरवून गेली होती. ती इच्छा आणि तो निर्णय माणसाकडून काढून घ्या, म्हणजे उरते ती वेठ.

त्या मुलीला आम्ही हेच उत्तर दिले, आणि वर सांगितले, “हा प्रश्न दर वर्षी विचार. ज्या वर्षी आम्हांला उत्तर देता येणार नाही, त्या वर्षी खोलीला कुलूप लाव.” यंदा ती शिबिराची चिटणीस आहे.

आता आपणां नगरवासीयांकडे मागणे. देणगी मागत नाही. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे. ती मोठी आहेत आणि शहराला भूषण आहेत. पण वस्तीतल्या पथकाला दोनतीनशे माणसांची लहान जागा हवी आणि तालमीला एखादी खोली हवी. शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात; ते उघडवून द्या. आपल्यापैकी कोणाकडे चार माणसे कामाला असतील, तर प्रयोगाच्या दिवशी त्यांना वेळेवर सोडा. आणि नाटकाला याल तेव्हा फुकट पास मागू नका. तिकीट काढून या आणि नाटक वाईट वाटले तर तोंडावर सांगा. गाव करी ते राव काय करी, असे आपणच म्हणतो. ते खरे करून दाखवणे आपल्याच हाती आहे.