जुन्या मोटारीला नवे दिवे



मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची निघून गेली. परंतु टॅक्सी गेली म्हणून गाडी गेली असें नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या, आधीं फिआट व मागाहून पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या या मोटारी अजूनहि कित्येक घरीं मायेनें जपलेल्या आहेत. रविवारीं सकाळीं त्या बाहेर निघतात. परततांना अंधार पडला, म्हणजे मात्र त्यांच्या दिव्यांची उणीव ध्यानांत येते. मागून येणाऱ्या वाहनांचा वेग वाढला आहे, त्यांचे दिवे प्रखर झाले आहेत, आणि त्या झगमगाटांत जुन्या गाडीचा मंद तांबडा दिवा हरवून जातो. तेव्हां हे दिवे बदलावे काय, व बदलावयाचे तर कसे, याचा आज थोडा विचार करूं.

बल्बाला दोष देण्यापूर्वीं त्याच्यापर्यंत वीज पुरती पोंचते कीं नाहीं, तें पाहावें. गाडीची वीज १२ व्होल्टांची खरी. परंतु गंजलेला होल्डर, सैल झालेला स्क्रू, रंगाच्या थराखालीं दडलेलें अर्थिंग यांमुळें तिचा दाब वाटेंतच घटतो. तारेच्या बल्बाचा स्वभाव असा, कीं दाब दहा टक्के कमी झाला तर प्रकाश सुमारें तीस टक्क्यांनीं कमी होतो. म्हणून प्रथम पॉलिश पेपरनें होल्डर घांसावा, अर्थिंगची जागा उजळ करावी, आंतील रिफ्लेक्टर पुसावा. पुष्कळ वेळां एवढ्यानेंच काम भागतें व पैसे वांचतात.

यानंतर प्रत्येक दिव्याविषयीं एकच प्रश्न विचारावा : हा दिवा कोणासाठीं आहे? कांहीं दिवे चालकास दिसावें म्हणून असतात, कांहीं इतरांस आपण दिसावें म्हणून असतात, आणि कांहींना दोन्ही कामें करावीं लागतात. निवड या भेदावरून करावी.

मागचे दिवे सर्वस्वीं दुसऱ्यांसाठीं आहेत. ब्रेकचा बल्ब २१ वॉटांचा. ब्रेकवर पाय पडल्यापासून त्याची तार पुरती उजळेपर्यंत सेकंदाचा सुमारें पांचवा भाग जातो. ताशीं ९० किलोमीटर वेगानें येणारी मोटार तेवढ्या अवधींत ५ मीटर पुढें सरकते. हें अंतर पद्मिनीच्या स्वतःच्या लांबीहून अधिक आहे. एल. ई. डी. दिवा जवळजवळ तत्क्षणीं पेटतो. हे ५ मीटर प्रसंगीं प्राण वांचवूं शकतात. मात्र तांबड्या कांचेमागें तांबडा, व नारिंगी कांचेमागें नारिंगी एल. ई. डी. घ्यावा. पांढऱ्या एल. ई. डी.च्या प्रकाशांत निळा भाग फार व तांबडा थोडा असतो. तांबडी कांच त्यांतील बहुतेक प्रकाश अडविते, आणि बाहेर फिका गुलाबी उजेड तेवढा पडतो. शिवाय त्याच बल्बांत टेल-लाइटची ५ वॉटांची तार असते. नव्या दिव्यांतहि टेल व ब्रेक यांच्या तेजांतील अंतर स्पष्ट राहिलें पाहिजे. नाहीं तर गाडी थांबते आहे कीं चालली आहे, हें मागच्यास कळणार नाहीं.

इंडिकेटरची गोष्ट निराळी आहे. जुना फ्लॅशर विजेच्या उष्णतेवर चालतो. पुढचा व मागचा मिळून ४२ वॉटांचे बल्ब साडेतीन अँपिअर प्रवाह ओढतात, त्यानें आंतील पट्टी तापते, वांकते व दिवा मिचकतो. एल. ई. डी.चा प्रवाह फारच अल्प असल्यामुळें ती पट्टी तापत नाहीं, आणि इंडिकेटर न मिचकतां नुसता पेटून राहतो. याला उपाय म्हणजे फ्लॅशरहि इलेक्ट्रॉनिक बसविणें.

डॅशबोर्डचे दिवे केवळ चालकासाठीं. दोन-तीन वॉटांच्या बल्बांच्या उष्णतेनें आंतील रंग उडतो व प्लॅस्टिक ठिसूळ होतें, एल. ई. डी. हा त्रास वांचवितो. परंतु येथें अधिक उजेड हा गुण नव्हे. डॅशबोर्ड झगझगूं लागला तर अंधाराला सरावलेली दृष्टि मंदावते व रस्त्यावरील पादचारी उशिरा दिसतो. सौम्य, पिंवळसर प्रकाशाचा आणि बाजूंनाहि उजेड पसरणारा दिवा घ्यावा. चार्जिंगचा दिवा मात्र जुनाच राहूं द्यावा. ज्या गाडींत आल्टरनेटर आहे, तेथें या बल्बांतून जाणारा प्रवाह बहुधा त्या यंत्रास प्रथम जागें करतो, एल. ई. डी. बसविल्यास चार्जिंग कधीं उशिरा सुरू होतें, कधीं होतच नाहीं.

हेडलाइट हा चालकाचाहि आहे व समोरच्याचाहि, म्हणून येथें मोह आवरावा. रिफ्लेक्टर एका बारीक तारेची नेमकी जागा धरून घडविलेला असतो. त्या जागीं निराळ्या आकाराचा एल. ई. डी. येतांच प्रकाश विखुरतो. आपल्याला रस्ता उजळल्यासारखा वाटतो आणि समोरचा आंधळा होतो. येथें ६०/५५ वॉटांचा हॅलोजन बल्ब पुरे. असे दोन मिळून १० अँपिअर लागतात. तो भार जुन्या स्विचवर न टाकतां रिले बसवून जाड तारेनें न्यावा. १०० वॉटांच्या बल्बांच्या नादीं लागूं नये, होल्डर वितळतात.

विलायती गाडी असेल तर आणखी एक दक्षता घ्यावी. मॉरिस मायनरच्या पूर्वींच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. तारेच्या बल्बास त्याचें कांहीं नाहीं, पण साधा एल. ई. डी. तेथें पेटणार नाहीं. तशा गाडीस योग्य असाच मागून घ्यावा.

हें सर्व करतांना मूळ होल्डर कापूं नयेत, आणि काढलेले बल्ब कागदांत गुंडाळून, वर जागेचें नांव लिहून ठेवावे. पुढच्या मालकास गाडी पूर्ववत् करावीशी वाटेल, तर त्याला तें साधावें. आपल्याच गाडीचे मागचे दिवे चालवितांना आपल्याला कधींच दिसत नाहींत. म्हणून काम संपल्यावर गाडी अंधारांत उभी करावी, घरच्या कोणास तरी तीस पावलें मागें उभें राहावयास सांगावें, आणि ब्रेक दाबून काय दिसतें तें विचारावें. त्याचें उत्तर मिस्त्रीच्या शब्दापेक्षां अधिक प्रमाण मानावें.