शाळेच्या फाटकापाशी



गेली तीस वर्षं मी हवेच्या प्रदूषणावर काम करतोय. परिषदांत बोलतो. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक कण. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. त्यांची वार्षिक सरासरीची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. हे सांगितलं की टाळ्या होतात, चहा होतो आणि आम्ही सगळे आपापल्या गाडीने घरी जातो.

परवा नातीला आणायला आपल्याच शाळेत गेलो. आपल्या वेळी फाटकापाशी सायकली असायच्या, आता गाड्यांची रांग. एसीसाठी कित्येकांची इंजिनं चालू. घंटा झाली, बालवाडीची मुलं त्या रांगेतून वाट काढत निघाली. लहान मुलं श्वास भरभर घेतात आणि त्यांचं नाक सायलेन्सरच्या जवळ असतं, हे मी कितीदा सांगितलं असेल! पण माझंही इंजिन चालूच होतं. बाईंनी पाहिलं असतं तर अंगठे धरून उभं केलं असतं.

सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ पासून आहे. तो त्यांनी राबवावा. फाटक मात्र आपलं आहे. शाळा सुटताना आपल्या बॅचच्या दोघांनी पाळीपाळीने तिथे उभं राहायचं आणि हात जोडून इंजिन बंद करायला सांगायचं.

पहिला सोमवार माझा. सोबत कोण येतंय?