जन्मठेप म्हणजे किती वर्षे?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



या शिबिरासाठी मला 'स्त्रिया आणि तुरुंग' हा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच शब्द घेणार आहे. तो शब्द म्हणजे जन्मठेप. हा शब्द आपल्या तोंडी नेहमी असतो. मोर्चात असतो, निवेदनात असतो, एखाद्या खटल्याचा निकाल लागला की आपल्या पत्रकात असतो. 'आरोपींना जन्मठेप झालीच पाहिजे' ही घोषणा मीही दिलेली आहे आणि ती मागे घ्यायला मी आज उभी राहिलेली नाही. पण जो शब्द आपण मागणी म्हणून वापरतो, त्याचा अर्थ आपल्याला नीट माहीत असला पाहिजे. कारण तीच शिक्षा भोगत काही बायकाही आत बसलेल्या आहेत. त्यांच्यातल्या अनेकींचा गुन्हा आपल्याच कामाच्या विषयातून, म्हणजे घरातल्या हिंसेतून उभा राहिलेला आहे.

महिला कारागृहात कामाला गेले की शिक्षा लागलेली बाई मला हमखास विचारते, "ताई, जन्मठेप म्हणजे किती वर्षं?" तिला कोणी चौदा सांगितलेली असतात, कोणी वीस. आधीची माणसे सुटताना तिने पाहिलेली असतात, त्यावरून तिने स्वतःचा हिशेब बांधलेला असतो. वकिलाने निकालानंतर समजावून सांगितलेले नसते. निकालपत्राची प्रत पिशवीत तळाशी घडी करून ठेवलेली असते, पण ती वाचून दाखवायला कोणी नसते.

तर कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. इंग्रजांच्या काळात काळ्या पाण्याची शिक्षा होती. अंदमानला पुरुषांप्रमाणे बायकांनाही पाठवले जात असे. १९५५ च्या दुरुस्तीने ती शिक्षा गेली आणि तिच्या जागी आजन्म कारावास आला. भारतीय दंड विधानात शिक्षेचे अंश काढण्यापुरती जन्मठेप वीस वर्षांची धरावी असे एक कलम होते. 'वीस वर्षे' हा समज त्यातून आलेला आहे. गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेने याच मुद्द्यावर अर्ज केला होता. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जन्मठेप म्हणजे माणसाचे उरलेले सगळे आयुष्य, आणि सरकारने शिक्षेत सूट दिली तरच सुटका. पुढे १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आले. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही, असे ते कलम सांगते. 'चौदा वर्षे' हा समज इथून आला. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, पण ही चौदा वर्षांची अट त्यांतही कायम आहे.

म्हणजे चौदा वर्षांनी सुटकेचा विचार सुरू होऊ शकतो, एवढेच. सुटका कधी होईल हे कोणीच सांगू शकत नाही. गुन्ह्याच्या प्रकारावरून सरकारची वर्गवारी असते, कारागृहातल्या वर्तणुकीचा अहवाल लागतो, पोलिसांचा लागतो, न्यायालयाचे मत लागते. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. काही खटल्यांत तर न्यायालयच ठरावीक वर्षांपर्यंत किंवा मरेपर्यंत सूट मिळू नये असे सांगू शकते. २००८ च्या आणि पुढे २०१५ च्या निकालांनी हे पक्के झाले.

दहा वर्षांची शिक्षा झालेली बाई दिवस मोजते. ती सांगते, अमुक दिवाळी घरी. जन्मठेप झालेल्या बाईने काय मोजायचे? तिच्यापुढे तारीखच नाही. या शिक्षेतली ही पहिली गोष्ट बाहेर कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट रोजच्या जगण्याची. स्वातंत्र्य गेले असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला मोठमोठ्या गोष्टी आठवतात. संचार, भाषण, संघटना. त्याही जातातच. तुरुंगातल्या माणसाला मतदानाचा हक्कसुद्धा नाही, मग ती न्यायाधीन बंदी असो की शिक्षा झालेली. पण रोज जे जाते ते फार साधे असते. भाजीत मीठ किती घालायचे हे ठरवणे जाते. रात्री दिवा मालवणे जाते, कारण बराकीतला दिवा पहारेकऱ्यांच्या सोयीने जळतो. संध्याकाळी बंदी झाली की सकाळी कुलूप उघडेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. एका बाईने मला सांगितले, "ताई, नऊ वर्षांत मी एकाही दाराची कडी काढलेली नाही." घरात राबणाऱ्या बाईच्या वाट्याला मुळात स्वातंत्र्य ते किती असते? पण चुलीपुढचे, पाणवठ्यावरचे, बाजारच्या वाटेवरचे जे थोडे तिचे स्वतःचे होते, तेही इथे उरत नाही.

आणि वेळेला वयही असते. चोविसाव्या वर्षी आत गेलेली बाई चाळिशीत बाहेर आली तर ती फक्त सोळा वर्षे हरवून येत नाही. मूल होण्याचे वय गेलेले असते, हाताला काम मिळण्याचे वय सरत आलेले असते, आईवडील वारलेले असतात. पुरुष सुटून आला की त्याचे लग्नसुद्धा होते. तिला ओसरीवर कोणी बसू देत नाही.

देशातल्या तुरुंगांत शंभर बंद्यांमागे बायका सुमारे चारच. संख्या कमी म्हणून महिलांची स्वतंत्र कारागृहे मोजकी, आणि म्हणून घरापासून दूर. पुरुषांच्या कारागृहाबाहेर भेटीच्या वारी पाहा. बायको आलेली असते, आई आलेली असते, कडेवर पोर, हातात डबा. महिला कारागृहाच्या बाहेरची रांग लहान असते. नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते. सासरचे येणार नाहीत, माहेरचे लाजेने येत नाहीत. भाऊ पहिली दोन वर्षे मनीऑर्डर पाठवतो, मग त्याचाही संसार वाढतो.

मुलांचे काय होते? २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ तुरुंगात राहू शकते. त्यानंतर त्याला बाहेर पाठवावे लागते, नातेवाइकांकडे नाहीतर संस्थेत. मूल सहाचे होत आले की आई गप्प होते. ही शिक्षा कुठल्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

रजेचा नियमही पाहण्यासारखा आहे. आपल्या राज्यात संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, अशी सोय १९५९ च्या नियमांनी केलेली आहे. कागदावर ती स्त्री-पुरुष दोघांना सारखी. पण रजेवर जायचे तर कोणीतरी ठेवून घ्यायला तयार हवे, जामीनदार हवा, गावच्या पोलिसांचा अहवाल अनुकूल हवा. पुरुषाला हे घरातूनच मिळते. बाईला घरच उरलेले नसते. मग नियम सारखा असूनही तिची वर्षे सलग जातात.

आता एक अवघड मुद्दा. काही बायका सांगतात की तुरुंगात आल्यावर पहिल्यांदा रात्रभर झोप लागली, कारण मारायला कोणी नव्हते. हे ऐकून काहीजण म्हणतात, 'म्हणजे बायकांना तुरुंग मानवतो.' आपण या वाक्यापासून सावध राहिले पाहिजे. १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना सांगितले होते की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. त्यावरून तुरुंग चांगला होता असे कोणी म्हटले नाही. लादलेले लग्न काय असते ते त्यावरून कळले. आणि आत मारहाण नसते असेही नाही. मुंबईच्या पोलीस कोठडीत बायकांना झालेल्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, तेव्हा न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहात जाऊन बायकांशी बोलायला सांगितले. त्यावरचा निकाल १९८३ चा आहे. आणि २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात अंडी आणि पाव यांच्या हिशेबावरून सुरू झालेल्या प्रकारात जन्मठेपेच्या एका बंदी स्त्रीचा मृत्यू झाला. कारागृहातल्याच महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

खुनाच्या आरोपाखाली या बायका येतात कशा? सगळ्याच मार खाऊन आलेल्या आहेत असे मी म्हणणार नाही. सून जाळल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या सासवाही तिथे आहेत. हुंडाबळीचे ३०४-ब कलम १९८६ मध्ये आले ते आपल्या चळवळीच्या रेट्यामुळे, आणि ते हवेच होते. पण वर्षानुवर्षे मार खाऊन एके दिवशी झोपलेल्या नवऱ्यावर हात उचलणारी बाई न्यायालयात गेली की अडचणीत येते. कायद्यात गंभीर आणि 'अचानक' चिथावणीचा अपवाद आहे. तो अपवाद भर बाजारात भडकून वार करणाऱ्या पुरुषाच्या रागाला बसतो. बाईचा राग बारा वर्षे साठलेला असतो, म्हणून तो अचानक ठरत नाही. उलट झोपेत मारले म्हणजे थंड डोक्याने मारले, असे धरले जाते.

इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालियाला १९८९ मध्ये नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने तिच्यासाठी मोहीम चालवली. तिने सोसलेला दहा वर्षांचा छळ पुन्हा न्यायालयापुढे आला आणि १९९२ मध्ये ती सुटली. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका खटल्यात साठत गेलेल्या चिथावणीचा विचार केला होता. बाई मुलांना घेऊन विहिरीत उडी घेते, मुले जातात, ती वाचते, आणि मुलांच्या खुनाचा खटला तिच्यावर उभा राहतो. ही गोष्ट आपल्या गावांत नवी नाही. तिला विहिरीपर्यंत कोणी नेले हे खटल्यात यायलाच हवे.

आता बिल्कीस बानोविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. २००८ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने ज्या अकरा जणांना जन्मठेप दिली, त्यांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने सोडले. हार घालून त्यांचे स्वागत झाले. निर्णयाआधी आपल्याला कोणी विचारले नाही, असे बिल्कीसने सांगितले. आपण रस्त्यावर उतरलो. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण तो अधिकार गुजरात सरकारचा नव्हता, खटला जिथे चालला त्या महाराष्ट्राचा होता. तेव्हा आपल्यातल्या काही जणी म्हणाल्या की जन्मठेपेला सूट हा प्रकारच बंद करा. त्या वेदनेचा मला पूर्ण आदर आहे. तरीही माझे मत वेगळे आहे. सूट बंद झाली तर ती पहिल्यांदा कोणाची बंद होईल? ज्यांच्यामागे पक्ष आहे, जात आहे, पैसा आहे, ते वाट काढतील. जिला भेटायलाही कोणी येत नाही ती आत मरेल.

आपला विरोध होता तो चोरवाटेने आणि वशिल्याने दिलेल्या सुटकेला. म्हणून मागणीही तशीच नेमकी हवी. सुटकेचा निकष जाहीर असावा, कारणे लेखी असावीत, जिच्यावर अत्याचार झाला तिचे म्हणणे ऐकावे आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी घ्यावी. पण माझ्या मुद्दईलाही कधीतरी कोणीतरी पुन्हा तपासून पाहील एवढी आशा असली पाहिजे, असे मी मानते. ती आशा काढून घेतलेली शिक्षा म्हणजे हळूहळू दिलेली फाशी आहे. आणि फाशीला आपल्यापैकी बहुतेकींचा विरोध आहे.

करायचे काय? मी चार गोष्टी सुचवते. एक, बाईला अटक झाली की पहिल्या आठवड्यात आपण पोहोचायचे. घरातल्या हिंसेचा पुरावा, म्हणजे दवाखान्याचे कागद, जुन्या तक्रारी, शेजारणींचे जबाब, खटल्यात येईल असे पाहायचे. अपिलात तो आणणे फार कठीण जाते. दोन, प्रत्येक महिला कारागृहातल्या जन्मठेपेच्या बायकांची यादी करून कोणाची चौदा वर्षे भरली ते विधी सेवा प्राधिकरणाला विचारायचे. धोरण असेल तर बंद्याने अर्ज केला नाही तरी सरकारने विचार केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. तीन, घरच्यांनी नाकारलेल्या बाईला रजेसाठी संस्थेची हमी चालावी, अशी मागणी शासनाकडे लावून धरायची. चार, सुटून आलेल्या बाईला महिनाभर तरी राहायला खोली आणि हाताला काम. ही शेवटची गोष्ट कुठल्या शासन निर्णयाची वाट न पाहता आपल्याला करता येते.

चहाच्या सुट्टीत मी एक वही फिरवणार आहे. त्यात आपल्या तालुक्याचे नाव लिहा आणि त्या गावातल्या एखाद्या बंदी बाईच्या माहेरी जाऊन तिच्या आईशी, भावाशी बोलायची तयारी असेल तर पुढे खूण करा. घोषणा त्यानंतरही देता येतील.