पाहुण्यांचे पावणेतीन तास: टू बीएचके, साडेचार लाख आणि पाण्याचा ड्रम

 

आजचा भाग घराच्या इंटिरियरवर. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज केले, की नवीन फ्लॅट घेतलाय, बजेट एवढं एवढं आहे, काय करू? तर आज त्याबद्दल बोलू. आकडे बरेच येणार आहेत. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका, नंतर हे लिखित रूप वाचायला आहेच.

आधी माझी परिस्थिती सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, इंटिरियर डिझायनर नाही. गेल्या वर्षी बीड बायपासला टू बीएचके घेतला. वीस वर्षांचं होम लोन. राहणारे चौघं: आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी. इंटिरियरसाठी हातात होते साडेचार लाख. नवीन कर्ज काढायचं नाही, हे आधीच ठरलेलं.

पहिलं कोटेशन आलं ७ लाख ८० हजारांचं. नाव घेत नाही, कारण असं कोटेशन तुम्हाला कुठल्याही शहरात, कुणाकडूनही मिळेल. त्याची फोड ऐका. हॉल ३ लाख १० हजार. माझी बेडरूम २ लाख २० हजार. किचन १ लाख ६० हजार. आई-बाबांची खोली ९० हजार. थ्रीडी फोटो मात्र एक नंबर होते. हॉलमध्ये फॉल्स सिलिंग, त्यात प्रोफाइल लाईट, टीव्हीच्या मागे लाकडी पट्ट्यांचं पॅनेल. बहीण म्हणाली, हॉटेलसारखं दिसतंय.

आई मात्र किचनचा फोटो मोठा करून बघत होती. मग तिने डिझायनरला विचारलं, "दादा, सगळं छान आहे. पण पाणी कुठं भरायचं ते दाखवा."

संभाजीनगरकर असाल तर तुम्हाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कधी कधी आठवडा जातो. जायकवाडी एवढं जवळ असून ही गत. आमच्या भागात तर टँकर पाठ सोडत नाही. त्यामुळे सोसायटीची टाकी असली तरी घरात एक ड्रम, दोन पिंप आणि प्यायच्या पाण्याचे हंडे लागतातच. आणि त्या सुंदर थ्रीडी किचनमध्ये ओट्याखाली टोकापासून टोकापर्यंत ड्रॉवर. ड्रमला जागाच नाही. उत्तर मिळालं, "ड्राय बाल्कनीत बघू." तिथे वॉशिंग मशीन होतं.

तिथे मला कामावरची गोष्ट आठवली. आमच्याकडे कुठलीही स्क्रीन डिझाईन करायच्या आधी विचारतात, हे वापरणार कोण, किती वेळ, कशासाठी? रिक्वायरमेंट आधी, रंग नंतर. घरात आपण नेमकं उलटं करतो. आधी फोटो सेव्ह करतो, मग माणसं त्या फोटोत बसवतो.

म्हणून मी एक शीट बनवली. अजून भाड्याच्या घरात होतो, तिथेच एक आठवडा लिहून ठेवलं: जागेपणी कोण कुठल्या खोलीत किती वेळ असतं. घरच्यांनी खूप चेष्टा केली. बाबा म्हणाले, "आता बाथरूमला गेलो की पण लिहून देऊ का?" पण आठवड्याने आकडे आले, तेव्हा सगळे गप्प बसले.

आई: किचनमध्ये रोज साधारण साडेपाच तास. बाबा रिटायर झालेत, ते हॉलमध्ये सात तास. मी घरून काम असेल त्या दिवशी बेडरूममध्ये नऊ तास. बहीण जिथे चार्जर असेल तिथे. आणि पाहुणे? पूर्ण आठवड्यात मिळून पावणेतीन तास.

म्हणजे ३ लाख १० हजार आठवड्याच्या पावणेतीन तासांसाठी. हॉल बाबा सात तास वापरतात हे खरं, पण त्या हॉलमध्ये बाबांसाठी काय होतं? त्यांचे गुडघे दुखतात. सोफा दाखवलेला एकदम खाली टेकलेला. त्यात बसलं की उठायला दुसरा माणूस लागेल. पेपर वाचायला त्यांना चांगला उजेड लागतो, तर दिवे सगळे छताच्या खाचेत लपवलेले.

आता इथे वाद झाला, तो पण सांगतो. बाबांचं म्हणणं होतं, हॉल चांगलाच दिसला पाहिजे. बहिणीसाठी स्थळं बघायला सुरुवात होणार. "येणारी माणसं हॉलच बघतात. किचनमध्ये कोण जातं?" हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाला आपलं घर चार लोकांनी बघावं असं वाटणारच. त्यावर बहीण म्हणाली, "छताकडे बघून होकार देणारे असतील तर बरंच आहे, लवकर कळेल." आई म्हणाली, "चहा किचनमधूनच जातो ना बाहेर?"

शेवटी आमची वाटणी अशी झाली. किचन १ लाख ७५ हजार. पाण्याची सोय २५ हजार. आई-बाबांची खोली ८५ हजार. माझी खोली ६० हजार. हॉल ७५ हजार. वायरिंग आणि दिवे ३० हजार. बेरीज करून बघा, साडेचार लाख. काम एका ओळखीच्या सुताराकडून आणि इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं.

आता एकेक खोली घेऊ, म्हणजे तुम्हाला उपयोग होईल.

किचन. सगळ्यात आधी ओट्याची उंची. बाजारातला सरसकट ओटा ३४ इंचांच्या आसपास असतो. पण ओटा माणसाच्या मापाने हवा. सोपी पद्धत: जी व्यक्ती जास्त स्वयंपाक करते तिला सरळ उभं करा, कोपर वाकवायला सांगा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. आई चार फूट अकरा इंच आहे. तिचा ओटा ३२ इंचांवर आला. दोन इंच कमी केल्याने खांद्यांना किती फरक पडतो, हे पोळ्या लाटणाऱ्यालाच विचारा.

प्लायवूड. दुकानात तीन शब्द ऐकू येतील. एमआर म्हणजे दमटपणा थोडाफार सोसणारं, ते कोरड्या खोलीतल्या कपाटाला ठीक. त्याच्या वर बीडब्ल्यूआर. आणि मरीन प्लाय, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. सिंकच्या खाली आणि पाण्याजवळ ७१० च घ्या. बाकी ठिकाणी त्याची गरज नाही. सगळीकडे मरीन लावून बिल वाढवू देऊ नका.

पाणी. ड्रमसाठी ओट्याला एक उघडा कप्पा सोडला. ड्रम चाकांच्या स्टँडवर, खाली नळ बसवलेला, समोर साधा कापडी पडदा. एक गोष्ट लक्षात ठेवा, २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून डिझाईन करतात. म्हणून भरलेले ड्रम एकाच जागी चार-पाच गोळा करू नका, भिंतीच्या कडेला ठेवा. लॉफ्टवर टाकी बसवायचा विचार असेल तर आधी इंजिनियरला दाखवा. लॉफ्ट एवढ्या वजनासाठी नसतो.

आई-बाबांची खोली. कोटेशनमध्ये तिथे सरकत्या दारांचं भिंतभर कपाट होतं आणि त्यात अर्धी खिडकी झाकली जात होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक घरं कूलरवर चालतात. कूलरचं गणित एसीपेक्षा वेगळं. एसीला खोली बंद लागते. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत यायला एक वाट लागते आणि दमट हवा बाहेर जायला दुसरी. खिडकी झाकली तर कूलर नुसता दमटपणा करतो. म्हणून कपाट आतल्या भिंतीला गेलं, खिडकी मोकळी राहिली.

ही खोली पश्चिमेला आहे. दुपारचं ऊन काचेतून आत आलं की मग आतला पडदा कितीही जाड असू द्या, उष्णता खोलीत शिरलेली असते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. आम्ही बाहेरून बांबूची चिक लावली. हा पूर्ण घरातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च.

दिवे. बॉक्सवर केल्विन लिहिलेलं असतं, ते वाचा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, झोपायच्या आणि बसायच्या खोलीला. ४००० च्या आसपास म्हणजे मधला, किचन आणि कामाच्या टेबलाला. ६५०० म्हणजे पांढराफटक, ट्यूबलाईटसारखा. ओट्यावरच्या कपाटाखाली एक पट्टी लावली, कारण छताचा दिवा पाठीमागे असतो आणि चिरताना आपलीच सावली भाजीवर पडते. बाबांच्या खुर्चीशेजारी एक उभा दिवा. ती खुर्ची ताठ पाठीची, हातांची, बसायला अठरा इंच उंच.

आता थोडं आपल्या शहराबद्दल. इन्स्टाग्रामवर सगळं इंटिरियर नॉर्वेचं नाहीतर जपानचं असतं. वाईट काही नाही, पण तिथे मे महिना आपल्यासारखा नसतो. आपल्याकडे बघायला कमी आहे का?

बीबी का मकबरा घ्या. आपण सगळे शाळेच्या सहलीत जाऊन आलोय आणि ताजमहालाची नक्कल म्हणून हसलोय. पण पुढच्या वेळी भिंतीजवळ जाऊन बघा. खाली कमरेच्या आसपासच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर आहे. त्याच्यावर आपला काळा बेसॉल्ट, त्यावर गुळगुळीत घोटलेला गिलावा आणि नक्षी. घुमट परत संगमरवरी. म्हणजे महागडा दगड जिथे माणूस जवळ उभा राहतो तिथे, आणि जिथे लांबून नजर जाते तिथे. मधलं सगळं गिलाव्यावर निभावलं. याला मी नक्कल म्हणणार नाही, हे बजेटचं डिझाईन आहे. आम्ही हेच केलं. रोज हात लागतो तिथे पैसे घातले: बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, दाराच्या कड्या, नळ. लांबच्या भिंतींना साधा रंग.

पाणचक्की. तिथल्या मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. भर उन्हाळ्यात सुद्धा तिथे थंड वाटतं, कारण डोक्यावर पाणी आहे. आपल्याला छतावर हौद बांधता येणार नाही, पण वरच्या मजल्यावर राहत असाल तर मुद्दा तोच: उष्णता छतातून येते. खोलीत फॉल्स सिलिंगवर खर्च करण्याआधी सोसायटीची परवानगी काढून गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या.

आणि अजिंठा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात मधलं मोठं दालन छतासकट चितारलेलं, आणि बाजूच्या भिक्षूंच्या खोल्या अगदी साध्या. सगळ्यांची एकत्र जागा सजवलेली, झोपायची जागा मोकळी. हे मी बाबांना सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "बघ, म्हणजे हॉल महत्त्वाचा!" त्यांचा मुद्दा बरोबर होता.

म्हणून हॉलला एक भिंत दिली, आणि त्या भिंतीवर हिमरू. जाफर गेटच्या भागात जाऊन घेतलं. रेशीम आणि सुती धाग्यांचं हे कापड आपल्या शहराची ओळख, पण आपल्यातल्या कितीजणांच्या घरी आहे? त्याची उलटी बाजू बघितली तर नक्षीचे धागे मागे सुटे दिसतात. त्यामुळे रोज घासल्या जाणाऱ्या सोफ्याला ते टिकत नाही. फ्रेम करा, नाहीतर मागे अस्तर लावून उशांची कव्हरं करा. हातमागाचं महाग असतं, छोटा तुकडा घ्या. आल्यागेल्याची नजर आधी तिथेच जाते, आणि मग बाबा दहा मिनिटं हिमरूची माहिती देतात.

फॉल्स सिलिंग मात्र झालं नाही. बाबा अजून अधूनमधून छताकडे बघून म्हणतात, "इथे ते लाईट आले असते तर..." असू द्या. पुढच्या बोनसला बघू म्हटलंय.

जे भाड्याने राहतात त्यांच्यासाठी दोन शब्द. घरमालक खिळा ठोकू देत नाही, माहितीये. मग भिंतीला हात न लावता होणारं करा: दिवे, पडदे, चिक, चांगली खुर्ची, ओटा उंच पडत असेल तर पायाखाली पक्का पाट. हे सगळं घर बदललं तरी तुमच्यासोबत येतं. भाड्याचं घर असलं तरी तिथे घालवलेले दिवस आपलेच असतात, ते "तात्पुरतं आहे" म्हणून त्रासात काढू नका.

तर या आठवड्याचं काम. डिझायनरला फोन करायच्या आधी एक आठवडा तास लिहा. कोण, कुठे, किती वेळ. मग कोटेशन शेजारी ठेवा आणि बघा पैसे कुठे चाललेत आणि माणसं कुठे आहेत. आणि घरात जी व्यक्ती सगळ्यात कमी बोलते तिला विचारा, "तुला काय अडतंय?" उत्तर बहुतेक वेळा स्वस्त असतं.

तुमच्या शीटमध्ये काय आलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आज पाणी येणार असेल तर भरून ठेवा!