अदृष्ट स्फोटांचा मागोवा

सप्तर्षींच्या परिसरात, सुमारे १ कोटी २० लक्ष प्रकाशवर्षे दूर, एम ८२ ही दीर्घिका आहे. तिच्या गर्भात तारे विलक्षण वेगाने जन्म घेतात. त्यांतील महाकाय तारे अल्पायुषी ठरून स्फोटाने संपतात. परंतु भोवतीची दाट धूळ तो प्रकाश गिळून टाकते. रेडिओलहरींना मात्र त्या धुळीचा अडसर नाही. म्हणूनच रेडिओ दुर्बिणींना तेथे अशा स्फोटांचे कित्येक अवशेष, पसरत जाणाऱ्या कवचांच्या रूपाने, आढळले. २००८ सालचा एक स्फोट तर प्रकाशाच्या दुर्बिणींना दिसलाच नाही. २००९ मध्ये त्याची वार्ता रेडिओलहरींनीच दिली. डोळ्यांना दिसले तेवढेच मोजले असते, तर ताऱ्यांच्या जन्ममरणाचा हिशेब चुकलाच असता.